फक्त घरचे कपडे

रात्री अडीचला अण्णांची चादर बदलतो,
ओला बोळा काखेत धरून मोरीपाशी येतो
आणि तुझं गोल दार उघडतो.
तू नाक मुरडत नाहीस.
कुणाची, कितव्यांदा, आज परत का,
विचारत नाहीस.
दोन चमचे पावडर, झाकणभर डेटॉल,
नळाला धार असली की तुझं भागतं.

मिरजेत कृष्णाघाटावर एक दगड होता,
म्हणजे अजून असेल, दगडाला काय होतंय.
चाळीस वर्षं अण्णांनी त्याच्यावर
दवाखान्यांच्या चादरी आपटल्या.
कुठकुठनं आजारी माणसं यायची या गावात,
बरी होऊन जायची, किंवा तशीच जायची,
चादरी मात्र आमच्याकडं यायच्या.
रक्ताचा डाग गार पाण्यात,
पुवाचा गरम सोड्यात,
बाकीच्याबद्दल बोलायचं नाही:
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ.

दर आपटीला अण्णांच्या तोंडून निघायचं, श्यो.
श्यो. श्यो.
शाळेतली पोरं मला त्याच आवाजानं हाक मारायची.
त्या सोड्यानं खाल्लेल्या बोटांनी भरवलेला घास
किंचित तुरट लागायचा.
मला वाटायचं भाकरीच तशी असते.

घराघराची खूण बिब्ब्यानं घालायची.
कुलकर्ण्यांना दोन ठिपके, मुजावरांना चांदणी,
दवाखान्यांना फुली.
आमच्या कपड्यांना खूण नव्हती.
ते सगळ्यांच्या शेवटी,
उरल्या साबणात, उरल्या उजेडात.

तुला आणलं तेव्हा अण्णा आडवे झालेले,
उजवी बाजू गेलेली, जीभ अर्धी राहिलेली.
कुपवाडच्या कारखान्यातला माझा बोनस,
वैजयंताला लागलेली भिशी,
वर अकरा हप्ते.
टेम्पोवाल्यानं खोकं उंबऱ्याच्या आत सरकवलं,
वॉशिंग मशीन म्हटल्यावर अण्णांनी
अर्ध्या जिभेनं निकाल दिला:
"आपटल्याबिगर मळ निघतोय व्हय?"

पहिले आठ दिवस प्रत्येक चादर
उजेडाकडं धरायला लावून तपासली.
नवव्या दिवशी तू धडाधडा नाचायला लागलीस.
मी धावलो, तर आतल्या खोलीतनं आवाज,
"एका अंगाला वजन पडलंय. उलगडून टाक."
तुझं दुखणं त्यांनी भिंतीपलीकडून ओळखलं.
तिथनं तुमचं जमलं.

आता दुपारी त्यांची खुर्ची तुझ्यासमोर लावतो.
काचेत पाणी चढतं,
कपडे उठतात, पडतात, उठतात,
अण्णांचा डावा हात मांडीवर हळू पडत राहतो
आणि ओठ होतात 'श्यो'च्या आकाराचे.
आवाज येत नाही.

काल विचारलं, "कुणाचं हाय ह्यात?"
आपलंच, म्हटलं. तुमची लुंगी, हिचे गाऊन,
माझा कंपनीचा शर्ट.
"आनि?"
आणि काही नाही.
"समदं आपलंच?"
समदं.
बराच वेळ काचेकडं बघत राहिले, मग हसले.
एका बाजूनं. आता तेवढंच येतं.

मी हात जोडणाऱ्यातला नव्हे.
खंडेनवमीला वैजयंतानं तुला हळदकुंकू लावलं,
रंग धरेल म्हणून मी ते पुसून काढलं.
पण अडीच आणि पावणेचारच्या मधे
तू तुझं तुझं पाणी घोळवत असतेस,
तेव्हा मी अण्णांच्या उशाशी
नुसता बसलेला असतो.
हातात त्यांचा हात.
मऊ पडलाय तो, सोड्याच्या चिरा भरून आल्यात.
ही बोटं अशी आहेत
हे मला माहीतच नव्हतं.

सात हप्ते राहिलेत.
दाराचं रबर जरा सैल झालंय, थेंब गळतो,
खाली वाटी ठेवलीय.
रविवारी बघतो.